जो अडला त्याचा

डोमाभाऊंसमोर कुणालाही स्वतःचं वाक्य पुरं करता येत नसे. बोलता बोलता तुम्ही श्वास घ्यायला थांबलात, एखादा शब्द आठवायला क्षणभर छताकडे पाहिलंत, की तो शब्द तुमच्या कानाशी हजर. कुजबुजत, बिनभावाचा, आणि बहुतेक वेळा तुमच्या मनातल्यापेक्षा चांगला.

मी त्या गावच्या हायस्कुलात मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो त्या दिवशीच हा अनुभव आला. मुख्याध्यापक माझी ओळख करून देत होते. "हे आपले नवे सर. स्वभावानं अत्यंत..." म्हणून ते अडले. बिचारे काय सांगणार? मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "...मितभाषी." मुख्याध्यापक "मितभाषी!" म्हणून मोकळे झाले. मी दचकून मागे पाहिलं. खिडकीबाहेर वनखात्याची खाकी घातलेला, पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस सायकल धरून उभा होता. चेहरा कोरा. आपण काही बोललो हे त्याच्या गावीही नव्हतं.

"घाबरू नका," शेजारचे चित्रकलेचे सर म्हणाले. "ते प्राम्टर हायेत."

जसं काही ते सांगितल्यावर घाबरायचं कारण उरत नाही!

आमचं गाव सिंदेवाहीकडच्या जंगलाला लागून होतं. डोमाभाऊ तिथल्या लाकूड डेपोवर चौकीदार होते. सागाच्या थप्प्या राखायच्या, ट्रक आला की फाटक उघडायचं, गेला की लावायचं. पण ही झाली नोकरी. आमच्या या झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात आणि नाटकं लागतात. आमच्या नाट्यमंडळात सरपंच राजा होत, कंपाउंडर खलनायक, आणि टेलर राजपुत्र. संवाद पाठ करायला वेळ कुणाला होता? धान कापावं की संवाद पाठ करावेत? त्यामुळे सगळं राज्य पडद्याआड बसलेल्या डोमाभाऊंच्या कुजबुजीवर चाले. ती कुजबूज मोठी विलक्षण होती. रंगमंचाच्या मधोमध उभ्या नटाला ती चुकत नसे आणि पहिल्या रांगेत बसलेल्याला ऐकू येत नसे.

"भाव नटाचा, शब्द लेखकाचा," ते म्हणत. "आपला फक्त श्वास."

इतकी वर्षं हे केल्यावर तो श्वास नाटकापुरता राहिला नव्हता, एवढंच. एकदा हापशीवर शांताबाई आणि कौसाबाई भांडत होत्या. "तुह्या तोंडात..." म्हणून शांताबाई अडल्या. डोमाभाऊ सायकलवरून चालले होते. उतरले नाहीत, नुसता पाय टेकवला. "...किडे पडो." शांताबाईंनी ते उचललं. कौसाबाई खवळल्या. "माह्या तोंडात किडे? अन् तुह्या वो, तुह्या..." "...जिभेले हाड नाई." कौसाबाईंनी तेही उचललं. मग दोघींच्या लक्षात आलं.

"काऊन जी डोमाभाऊ, तुमी हिच्याकडून का माह्याकडून?"

"प्राम्टर कोणाचाच नसते बाई. जो अडला त्याचा."

दोघींनी मिळून त्यांच्यावर बादलीभर पाणी ओतलं. भांडण मिटलं.

बुद्धविहारातल्या लग्नातही हेच. नवरदेव प्रतिज्ञा म्हणताना घाबरून गप्प झाला, तर मागून प्रतिज्ञा सुरू झाली. ती संपल्यावर थांबावं की नाही? नवरी खाली मान घालून गप्प होती, म्हणून तिचीही म्हणून टाकली. लग्न नेमकं कुणाचं लागलं यावर गावात पुष्कळ दिवस चर्चा चालली.

गावात एकच माणूस त्यांना आवरू शके. ती म्हणजे माझी बायको, सुमन. ती त्याच भागातली. पहिल्याच भेटीत डोमाभाऊंनी तिचा शब्द पुरवला आणि तिनं चहाची कपबशी त्यांच्यासमोर आपटून ठेवली.

"थांबा जी. हे वाक्य माह्यं हाय. ज्याचं वाक्य त्यानंच पुरं करावं. तुमी च्या प्या."

डोमाभाऊ चहा प्यायले. तिच्यासमोर ते नेहमीच असे असत. ती अडली की त्यांचे ओठ हलत, पण आवाज बाहेर येत नसे. मला ते पाहूनच गुदमरायला होई.

एका संध्याकाळी ते घरी आले आणि दारातच म्हणाले, "सर, मले दहावी करावाची हाय."

माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं. सातवीत शाळा सोडून डेपोवर लागलेला माणूस. डोक्यावर निम्मे केस पांढरे.

"आता? काऊन?" मीही गडबडीत त्यांच्यासारखाच बोललो.

"नाटकाच्या पत्रकावर पेटीवाल्याचं नाव येते. मंडपवाल्याचं येते. प्राम्टरचं येत नाई. त्याचं काही नाई मले. पण दुसऱ्याचे शब्द बोलून बोलून तोंड उष्टं झालं, सर. चार ओळी आपल्या असाव्या. आपल्या हातच्या. अन् कोणीतरी वाचून म्हणावं, हाव, या माणसाच्या हायेत."

मी काय बोलावं ते शोधत होतो. त्यांनीही पुरवलं नाही. आतून सुमन म्हणाली, "पाहता काय? सतरा नंबरचा फॉर्म आणा उद्या."

गणित सुमननं घ्यायचं ठरलं, मराठी मी. मी त्यांना 'माझा आवडता प्राणी' हा निबंध दिला. त्यांनी लिहून आणला: प्रवेश पहिला. स्थळ, गोठा. बैल (स्वगत): हाय रे दैवा! मी कपाळाला हात लावला.

"डोमाभाऊ, नाटक नको. आपल्या शब्दांत लिहा."

"आपल्या शब्दांत म्हंजे कोणाच्या?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

मुख्याध्यापकांनी त्यांना वर्गात बसायची परवानगी दिली. डेपोवर रात्रपाळी करून ते खाकीतच शेवटच्या बाकावर येऊन बसत. आणि वर्ग हुशार झाला! विस्तार अधिकारी तपासणीला आले तेव्हा ज्या मुलानं वर्षभर "माहीत नाई सर" याखेरीज एक वाक्य उच्चारलं नव्हतं, त्यानं अभंगाचा भावार्थ सांगितला. साहेब थक्क. मी त्यांच्याहून थक्क. माझ्या शिकवण्याला अखेर फळ आलं म्हणून माझे डोळे भरून आले होते. मग दिसलं की सगळा वर्ग किंचित मागे रेलून बसला आहे, एक कान शेवटच्या बाकाकडे करून.

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण परीक्षेच्या दालनात पन्नाशीतला माणूस असं काही करील, हे कुणाच्या मनात येणार?

तालुक्याच्या केंद्रावर डोमाभाऊ पेपर लिहायला बसले. त्यांना कुजबुजल्याशिवाय लिहिताच येत नव्हतं. ओठ हलले की हात हले. पर्यवेक्षक पुढे खुर्चीत होते आणि ती कुजबूज पहिल्या रांगेला ऐकू न जाण्यासाठीच घडलेली होती. आजूबाजूची पोरं मात्र मान खाली घालून भराभरा लिहीत होती. काही पेपर असेच सुखरूप पार पडले. इतिहासाच्या पेपरात शेजारची एक मुलगी अडली आणि रडायला लागली. डोमाभाऊंनी स्वतःचा पेन खाली ठेवला आणि तिच्याकडे झुकून तिला तिचं उत्तर सांगायला घेतलं. नेमके तेव्हाच पर्यवेक्षक मागे येऊन उभे राहिले.

"हे नाटक नाई, परीक्षा हाय!"

"हाव साहेब. पण अडली तं होती ना."

त्यांचा पेपर काढून घेतला. त्या खेपेचा निकाल गेला. निकाल लागला तेव्हा त्यांच्या भोवती बसलेली पोरं झाडून पास झाली होती. पोरांच्या बापांनी डोमाभाऊंच्या घरी पेढे नेऊन दिले. ते पेढे घेऊन डोमाभाऊ आमच्याकडे आले.

"नापास माणसाच्या हातचे पेढे!" सुमननं डोक्याला हात लावला. मग एक पेढा खाल्ला आणि म्हणाली, "पुन्हा भरा फॉर्म."

दुसऱ्या खेपेला केंद्रानं त्यांना ओळखलं. व्हरांड्याच्या टोकाला एकटं बाक टाकलं. समोर भिंत, भिंतीवर पाल. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता सांगायला कुणीच नाही. पण डोमाभाऊंनी पहिल्या दिवशी कोरा पेपर दिला. दुसऱ्या दिवशीही कोराच. मला खरं वाटेना. घरात बसवलं तर त्याच प्रश्नांची उत्तरं ते घडाघडा सांगत होते.

"समोर कोणी अडलंच नाई, सर," ते म्हणाले. "भिंत काय अडते? मंग शब्दच निंगेना."

त्या दिवशी पहिल्यांदा मला ते म्हातारे दिसले. मंडळाचे शेवटचे प्रयोग चालू होते. तिकडेही गेले नाहीत. सुमननं त्यांना बोलावून घेतलं.

"तिसऱ्यांदा भरा."

"राहू द्या, बाई. आपल्या पोटात आपलं काही नाईच. सगळे दुसऱ्याचेच शब्द होते. ते समजलं, पुष्कळ झालं."

"पास झाल्याशिवाय माह्या दारात यायचं नाई," ती म्हणाली. "अन् रोज गणिताले यायचं." या दोन गोष्टी एकत्र कशा जमायच्या हे तिनंही सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. फॉर्म भरला गेला.

त्या पावसाळ्यात सुमनला ताप आला. आमच्या भागात पावसाळ्यात ताप येतोच, त्यामुळे कुणी घाबरलं नाही. तो डोक्यात गेला. चंद्रपूरला नेईपर्यंत ती ओळख विसरली होती, आणि परत आणला तो नुसता देह. हे एवढं लिहायला मला फार वेळ लागला.

नंतर मी वर्गावर जाऊ लागलो. पहिल्या दिवशी धडा उघडला, एक वाक्य बोललो आणि पुढे काही नव्हतं. पान होतं, अक्षरं होती, वाचता येईना. मुलं माझ्याकडे बघत होती. एवढ्यात शेवटच्या बाकावरून पुढचं वाक्य आलं. बिनभावाचं. मी ते म्हटलं. मग त्यापुढचं आलं. तो तास तसाच झाला, त्यानंतरचे कितीतरी तास तसेच झाले. मुलांना कळलं असेल. कुणी हसलं नाही.

घरी मी बोलत नव्हतो. बोलायला कुणी नव्हतं आणि तिचं नाव घ्यायचं मला धाडस नव्हतं. डोमाभाऊ संध्याकाळी येत, गणिताची वही पुढ्यात घेऊन बसत आणि चहाची कपबशी असायची त्या रिकाम्या जागेकडे बघून उठून जात.

मार्चात त्यांनी परीक्षा दिली. तोच व्हरांडा, तीच भिंत. मी काही विचारलं नाही. उत्तर ठाऊक आहे असं मला वाटत होतं.

ते पास झाले.

मी मार्कलिस्ट तीनदा वाचली. गणितात जेमतेम काठावर. पण मराठीत असे गुण, की माझ्या वर्गातल्या कुणालाही नव्हते. गावात खळबळ उडाली. शांताबाई आणि कौसाबाई एकत्र येऊन त्यांना ओवाळून गेल्या. मंडळानं पुढच्या नाटकाच्या पत्रकावर पेटीवाला आणि मंडपवाला यांच्या मधोमध छापलं: प्राम्टर, डोमाजीभाऊ, एस.एस.सी. सरपंच म्हणाले, "आता तुमी राजा व्हा, आमी प्राम्टर होतो." डोमाभाऊ म्हणाले, "नको जी. तुमाले वाचता कुठी येते?"

पेढे घेऊन ते माझ्याकडे आले. या खेपेचे पेढे स्वतःचे होते. उंबऱ्याशी थोडे थांबले, जणू कुणी आत बोलवायचं राहिलं होतं. मग आत येऊन बसले.

न राहवून मी विचारलं, "डोमाभाऊ, व्हरांड्यात तर तुम्ही एकटेच होतात. मग लिहिलंत कसं?"

"एकटा कुठी होतो, सर?"

"म्हणजे?"

"तुमाले समोर बसवलं." ते पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडत होते. "परीक्षेच्या वक्ती आठ महिने झाले होते, तुमच्या तोंडून शब्द निंगून नव्हता राह्यला. म्हटलं, सरच अडले हायेत. इतकं अडलेलं माणूस मी स्टेजवर बी पाह्यलं नाई. मंग सांगत गेलो. पुस्तकातलं नाई. जे सुचन ते. निबंधात तं पानं पुरली नाई."

काहीतरी बोलायला हवं होतं.

"सुमन असती तर..." मी म्हटलं. ते नाव त्या घरात इतक्या दिवसांनी उच्चारलं गेलं आणि मी अडलो.

सवयीनं मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी ते मिटून घेतले. हात गुडघ्यांवर ठेवले आणि बसून राहिले. रस्त्यावरून एक बैलबंडी गेली, तिचा आवाज दूर जाईपर्यंत आम्ही तसेच होतो. त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही.

"...तर गणितात एवढेच काऊन म्हणून तुम्हाला आधी झाडलं असतं," मी म्हणालो. "आणि मग पेढा घेतला असता. दोन घेतले असते."

"हाव," ते म्हणाले. "बाई सांगत होत्या ना, सर. ज्याचं वाक्य, त्यानंच..."

आणि ते थांबले. सगळ्या झाडीपट्टीला शब्द पुरवणारा माणूस. त्यांनी मान खाली घातली, पण पुढचं येईना. मी वाट पाहिली. मग खुर्ची पुढे सरकवली, त्यांच्या कानाशी वाकलो आणि पहिल्या रांगेत कुणी असतं तरी ऐकू गेलं नसतं अशा आवाजात सांगितलं,

"...पुरं करावं."