धूमकेतू आणि टेबलफॅन

पंख्यासाठी डब्यात साठवलेले पैसे चंद्रभान हटवारांनी एका जुन्या कॅमेऱ्यावर खर्च केले, आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "पंखा आलाच समज!"

शामलाबाई पदराने वारा घेत होत्या. हात थांबला.

"कुठून येईन?"

"ऑफिसातून! पहिलं बक्षीस टेबलफॅन आहे."

"अन् पहिलं बक्षीस तुमालेच काहून देतीन?"

हटवार हसले. ज्याला परीक्षेचा पेपर आधीच मिळाला आहे, असा माणूस हसतो तसं!

१९७० सालचा एप्रिल सुरू होता. नागपुरात एप्रिलला पंखा नसलेल्या घरात राहणं म्हणजे पापडाच्या जागी स्वतःला भाजून घेणं. हटवार सदर भागातल्या एका सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे काढत. कचेरीच्या करमणूक मंडळाने महाराष्ट्र दिनासाठी फोटोंची स्पर्धा ठेवली होती. अंबाझरी तलावावरचा सूर्यास्त दरवर्षी निम्मी कचेरी आणायची. उरलेले लोक आपापली गुटगुटीत मुलं आणायचे. आणि नेमका त्याच महिन्यात पहाटे पूर्वेला एक धूमकेतू दिसायला लागला होता. लांब शेपटीचा, डोळ्यांनी स्वच्छ दिसणारा! त्याचा फोटो आणला की सूर्यास्त आणि मुलं आपोआप बाद!

"धूमकेतूले मोठा जपानी कॅमेरा लागते," शेजारच्या टेबलावरचे रुपराव म्हणाले. त्यांच्याकडे तो होता. मेहुण्याने परदेशातून आणून दिलेला. "लांब नळीचं भिंग लागते. अन् फ्लॅश त पाहिजेच."

"फ्लॅश कशाले?"

"अंधार राह्यते ना गा!"

कोट्यवधी मैलांवरच्या धूमकेतूवर रुपराव सदरमधून उजेड पाडणार होते. हटवारांनी वाद घातला नाही. त्यांनी नकाशाच्या कागदाच्या कडेवर विचार मांडला. आकाश अंधारं, म्हणजे कॅमेऱ्याची झडप पुष्कळ वेळ उघडी राहिली पाहिजे. तेवढा वेळ कॅमेरा हलता कामा नये. आणि बोट लावलं की तो हलणारच, म्हणून बोट न लावता झडप उघडता आली पाहिजे. फिल्म जास्तीत जास्त तेज. बस! बाकी सगळी श्रीमंतांची हौस.

सीताबर्डीच्या बाजारात त्यांनी एका संध्याकाळी पाच दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने "आभाळाचा फोटो? मग दिवसा काढा ना, साफ येईन," असा सल्ला दिला. दुसऱ्याने हळूच विचारलं, तब्येत बरी आहे ना. शेवटी जुन्या वस्तू विकणाऱ्या बळीरामच्या ठेल्यावर एक काळा, पोचे पडलेला कॅमेरा मिळाला. त्याच्या चकतीवर 'बी' हे अक्षर होतं. म्हणजे बटन दाबून धराल तोवर झडप उघडी! हटवारांना ते अक्षर दिसलं आणि त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी धरला.

"मागचं झाकण बंद नाही होत," बळीरामने प्रामाणिकपणे सांगितलं.

"होईन!"

झालंसुद्धा. शामलाबाईंच्या परकराची नाडी घट्ट बांधल्यावर उजेडाचा एक कणही आत जाईना. रस्त्यावरच्या दिव्याची तिरीप भिंगावर येऊ नये म्हणून डालड्याच्या लहान डब्याचं बूड कापून तो पुढे बसवला. बटन दाबायला सायकलच्या ब्रेकची तार लावली. तारेच्या या टोकाला ब्रेकचा दांडा, त्या टोकाला बटन. दांडा आवळा, झडप उघडी. सोडा, बंद! हटवारांनी हे दहा वेळा करून दाखवलं. दहाही वेळा टाळी स्वतःच वाजवली.

"सायकलले ब्रेक?" शामलाबाईंनी विचारलं.

"पायानं थांबवतो ना काही दिवस!"

राहिली कॅमेरा टेकवायची तिपाई. बाजारातली तिपाई कॅमेऱ्याहून महाग निघाली. पण कचेरीच्या भांडारात मोजणीच्या दुर्बिणीची लाकडी तिपाई होती. सागवानी, उंच, हत्ती टेकला तरी न हलणारी! भांडारपालाला एका शनिवारी पान खिलवून हटवारांनी ती सायकलवर आडवी टाकली आणि घरी आणली. वाटेत ब्रेक नसल्यामुळे लिबर्टी चौकात तिपाईसह एका टांग्याच्या मागे जाऊन टेकले, पण तिपाईला ओरखडाही आला नाही.

रविवारच्या पहाटे सगळा जामानिमा बाहेर निघाला. घरामागे कडुनिंब होता. पूर्व मोकळी दिसायची ती फक्त गल्लीच्या मधोमध उभं राहिल्यावर. हटवारांनी तिथे तिपाई रोवली, वर कॅमेरा ठेवला, आणखी एका नाडीने करकचून बांधला, आणि एक डोळा मिटून पाहू लागले.

समोर धूमकेतू होता! कडुनिंबाच्या शेंड्यापासून चार बोटं वर, पांढऱ्या मोराचं एक पीस कोणी आभाळात खोचून ठेवावं तसा.  हटवारांनी हात लांब करून हवेत कोन मोजला, मग थोडं डावीकडे सरकले, पुन्हा मोजला.

इथेच चूक झाली. ती तिपाई नागपुरात कोण ओळखत नाही? आधी ती तिपाई येते. मग एक माणूस एक डोळा मिटून पाहतो. मग चुन्याची रेघ पडते. आणि मग पहारी-सब्बल घेतलेले लोक येतात, रस्ता रुंद करायला!

"का जी हटवार," अंधारातून बाबारावांचा आवाज आला. ते बनियनवर, हातात तांब्या घेऊन उभे होते. "कोणाचं घर जाऊन राहिलं?"

"कोणाचंच नाही. मी वर पाहून राहिलो."

"वर?" बाबारावांनी मान वर केली. त्यांनी मागच्या दिवाळीत परवानगी न काढता माडी चढवली होती. "माडीवरबी डोळा आहे काय?"

"अहो, धूमकेतू!"

"पहाटे येऊन मोजता, अन् धूमकेतू सांगता काय? आम्ही काय दूध पेतो?" बाबारावांच्या हातातला तांब्या कलंडला. "अवं रंभाबाई! उठा वं! मोजणी आली!"

रंभाबाई म्हणजे समोरच्या घरच्या. त्यांचा ओटा गल्लीत हातभर पुढे आलेला. त्या अशा धावत आल्या, की ओटाच मागून येतो आहे असं वाटावं!

"माझा ओटा काहून पाडता जी, चंद्रभानभाऊ? याच ओट्यावर तुमची शामला पापड वाळू घालते! कोणत्या तोंडानं पाडता?"

"बाई, ओटा पाडून नाही राहिलो. फोटो काढून राहिलो."

"ओट्याचा फोटो? म्हणजे पुरावा!" रंभाबाईंनी सूर लावला.

त्या सुराने गल्ली जागी झाली. एका घरात दिवा लागला, मग दुसऱ्या, मग सगळ्यांत. कोणी हटवारांसाठी खुर्ची आणली. कोणी कपबशी हातात दिली. एकाने आपली भिंत वाचावी म्हणून समोरच्याची भिंत किती पुढे आहे ते दाखवायला सुरुवात केली, आणि समोरच्याने याच्या न्हाणीघराचा इतिहास काढला. या उजेडात धूमकेतू पाण्यातल्या साखरेसारखा विरघळत चालला होता. पूर्वेला कडा पांढरी व्हायला लागली होती. आज नाही तर आठवडाभर थांबा, आणि आठवडाभराने तिपाई मिळेल याची खात्री नव्हती!

"हलू नका! असेच राहा!" मागून कोणीतरी ओरडलं.

फाटकन उजेड झाला. हटवारांना एकदम इतके तारे दिसले, जितके आभाळातही नव्हते. डोळे चोळून पाहतात तो, रुपराव! पलीकडच्या आळीतून आपला जपानी कॅमेरा घेऊन धूमकेतूच्या मागावर आले होते.

"रुपराव, फ्लॅश काहून मारला गा?"

"गर्दी पाहिली, मारला!" रुपराव म्हणाले. "धूमकेतूवर दोनदा मारला आधी. काही फरक नाही पडला त्याले."

हटवारांचा संयम संपला. बावीस वर्षांच्या नोकरीत ज्या माणसाने शिपायालाही आवाज चढवून हाक मारली नव्हती, त्याने कप खाली ठेवला आणि गर्जना केली, "सगळे दिवे बंद करा! एकबी दिवा दिसला त रेघ कुठून जाईन, माझी जिम्मेदारी नाही!"

खटाखट! दिवे गेले. बाबारावांनी तर आतला देव्हाऱ्यातला दिवाही फुंकला. आणि त्या काळोखात धूमकेतू पुन्हा उमलला. शेपटी, डोकं, सगळं! हटवारांनी ब्रेकचा दांडा आवळला. कोणी शिंकलं नाही, कोणी खाकरलं नाही. रंभाबाईंनी तोंडात पदर कोंबला होता. हटवार श्वास धरून मनात आकडे मोजत राहिले, बोटं बधिर होईपर्यंत. मग दांडा सोडला.

"झालं!"

"कोणाचं?" पाच आवाज एकदम आले.

"कोणाचंच नाही. सगळे वाचले. जा, झोपा."

रंभाबाईंनी त्यांची दृष्ट काढली.

फिल्म धुवायला हटवार लहानूजींकडे गेले. सदरमध्ये लहानूजींचा स्टुडिओ होता, आणि लहानूजींच्या हाताची कीर्ती पार भिवापूरपर्यंत पोचलेली. स्थळाला पाठवायचा मुलीचा फोटो काढावा तर लहानूजींनीच! देवीचे व्रण, मुरूम, कपाळावरची खोक, पांढरे डाग, सगळं ते निगेटिव्हवरच बारीक पात्याने खरवडून आणि पेन्सिलीने भरून साफ करत. अर्ध्या नागपूरची लग्नं त्या पात्याने जमली होती. मांडवात वधूला पाहून वरपक्षाने दुसरीच मुलगी आणल्याचा आरोप केल्याच्या घटनाही घडल्या होत्या, पण त्याचं लहानूजींना कौतुकच वाटे.

तारेवर फिल्म ओली लोंबत होती. हटवारांनी ती उजेडात धरली. आला होता! डोकं, शेपटी, आजूबाजूला बारीक बारीक ठिपके. पोचे पडलेला कॅमेरा, डालड्याचा डबा, ब्रेकची तार आणि दोन नाड्या यांनी धूमकेतू धरून आणला होता!

"लहानूजी!" हटवार ओरडले. "मोठ्यात मोठा करा! चकचकीत कागद, मागून जाड पुठ्ठा. स्पर्धेत जाऊन राहिला. असं समजा, स्थळाले पाठवाचा आहे!"

लहानूजींनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही काळजीच नका करू जी."

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी हटवार फोटो घ्यायला गेले. घरी त्यांनी पंख्यासाठी स्टूल पुसून ठेवलं होतं. पंख्याचं तोंड कुठे असावं यावर शामलाबाईंशी चर्चाही झाली होती, आणि शामलाबाईंनी माहेरी मौद्याला पंखा घेत असल्याचं कळवून टाकलं होतं. आता हसं व्हायचं की वारा खायचा, हे त्या पाकिटावर होतं.

लहानूजींचे डोळे लाल होते. त्यांनी दोन्ही हातांनी पाकीट पुढे केलं.

"चाळीस वर्षांत असं काम केलं नाही," ते म्हणाले. "दोन रात्री बसलो."

हटवारांनी फोटो बाहेर काढला. काळा. उलटा केला. पुठ्ठा. पुन्हा सुलटा केला. काळा! या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, नव्या पाटीसारखा, चकचकीत, निष्कलंक काळा!

"लहानूजी... ठिपके होते ना याच्यात?"

"ठिपके? अहो, देवीच्या पेशंटले नसतीन इतके! एक एक खरवडला. एकबी नाही ठेवला."

"अन् मधात... मोठा... शेपटीवाला..."

"तो ओरखडा! त्यानंच त रात्र खाल्ली. पण पाहा, सांगून दाखवा कुठं होता!"

"लहानूजी, ते आभाळ होतं!"

"मले काय समजत नाही?" लहानूजी दुखावले. "आभाळ होतं म्हणूनच त साफ केलं! इतक्या डागाळलेल्या आभाळाले बक्षीस कोण देईन, सांगा बरं?"

"मग जुनी निगेटिव्ह?"

"हेच त कसब आहे ना. काम निगेटिव्हवरच करतो. आता हजार कॉप्या काढा, डाग परत येत नाही!"

त्या रात्री हटवार जेवले नाहीत. नाव दिलेलं होतं, भिंतीवर जागा राखलेली होती. सकाळी त्यांनी तो फोटो तसाच टांगला. खाली चिठ्ठी होती, 'पहाटेचा धूमकेतू'.

पण प्रदर्शनात सर्वांत मोठी गर्दी त्याच फोटोपुढे झाली! चकचकीत काळ्या कागदात तोंड इतकं स्वच्छ दिसत होतं, की कचेरीतला प्रत्येक जण तिथे थांबून भांग पाडत होता. मुख्य साहेबही थांबले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, टाय सरळ केला.

"वा!" ते म्हणाले. "प्रसन्न वाटतं."

हटवारांच्या मनात क्षणभर पंखा गरगरला. पण पहिलं बक्षीस रुपरावांना मिळालं. फोटोचं नाव 'जनतेची गाऱ्हाणी'. त्यात तिपाईजवळ पायजम्यात हटवार उभे होते, हातात कपबशी. समोर रंभाबाई हात जोडून, आणि बाबाराव खुर्ची घेऊन.

"यातला अधिकारी कोण?" साहेबांनी विचारलं. "फार समंजस चेहरा आहे."

टेबलफॅन रुपरावांच्या रिक्षात चढला. हटवार आपला फोटो काखेत घेऊन पायी घरी आले. शामलाबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी फोटो हातात घेतला, समोरून पाहिला, मागून पाहिला, दोन बोटांनी वाकवून पाहिला.

"पुठ्ठा दणकट आहे," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून फोटोने सपासप वारा घेऊ लागल्या.

 हटवारही खाली बसले.

"तुमच्याकडंबी हलवू काय जी?"

हटवार फक्त थोडे जवळ सरकले. वारा खरंच बरा येत होता.