वीतभर पादपीठाची हकीकत

श्री. ज्याचे पाय बैसल्या जागी सुखे टेकतात त्या गजवदनास नमन करोन हकीकत लिहिली ऐसी जे: शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमी, ते समयी दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या राज्यात शाल्मलीराणीसाहेब नांदत होत्या. खरे राज्य युवराजांचे, उमर दीड महिना, आणि राणीसाहेब त्यांच्या तैनातीस. युवराज घटकेघटकेस दुधाचा हुकूम सोडीत, आणि राणीसाहेबांच्या पोटास टाके म्हणोन जमिनीवर बैसणे मना, मग त्या खुर्चीवर बैसत, आणि येथेच घात होई. खुर्ची उंच, राणीसाहेब ठेंगण्या, पाय अधांतरी लोंबत, मांडीस उतार पडे, आणि युवराज गुडघ्यांकडे घसरोन चार घोटांत रडू लागत. वजन वाढेना. वैद्यबाईंनी निर्वाणीचे सांगितले, "शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर वरचं दूध सुरू करू या. आणि पाय टेकवून बसा हो!" वरच्या दुधात वावगे काही नाही, हे राणीसाहेबांच्या बुद्धीस ठाऊक होते, छातीस ठाऊक नव्हते. त्या न्हाणीघरात जाऊन नळ सोडोन रडल्या, आणि तोंड धुऊन पायाखालच्या आसनाची मोहीम काढिली.

प्रथम सासूबाई सुलभाआईसाहेबांनी जेवणाचा पाट दिला, तो बुटका. मग पाटावर पाट ठेविला, तो सटकला. मग राणीसाहेबांची नजर देवघरातील चौरंगाकडे वळली, तो आईसाहेब कडाडल्या, "अगं, त्यावर सत्यनारायण बसतो! पाय कुठे लावतेस?" मग यजमान ऋत्विजराव पुढे सरसावले आणि बोलिले, "मिस्त्रींकडून करूनच घेऊ. किती उंच हवं?" राणीसाहेबांनी हवेत पंजा पसरोन सांगितले, "एक वीत." रावांनी तोच निरोप फोनवर काशिनाथ मिस्त्रींस दिला, आणि तिसरे दिवशी सागवानी स्टूल राज्यात दाखल जाहले. राणीसाहेब मोठ्या आशेने बैसल्या, पाय ठेविले, तो गुडघे हनुवटीस भिडले आणि युवराज मधल्या घडीत चेपले गेले.

"ऋत्विज, वीत कोणाची सांगितलीस?"

"कोणाची म्हणजे? वीत ती वीत!"

"माझी रे! मिस्त्रींचा पंजा पाहिलायस? कलिंगड एका हातात धरतात ते!"

तो दिवस गुरुवार. मिस्त्री गावी गेलेले. आईसाहेब म्हणाल्या, "आण ती करवत." मग रावांनी पाय कापणे आरंभिले. पहिला चार बोटे कापला, दुसरा साडेतीन, तिसरा देवास ठाऊक, आणि स्टूल चळचळा हलू लागले. मग आखूड पायाच्या मापाने बाकीचे कापिले, तो दुसराच आखूड जाहला. राव घामाघूम, भुसा गालिच्यावर, आणि आईसाहेब म्हणतात, "अजून दोनदा कापलंस ना बाळा, की पोळपाटच होईल. पोळ्या तरी लाटीन मी त्यावर."

इतक्यात युवराजांनी टाहो फोडिला. थांबण्यास सवड कैंची? राणीसाहेबांनी ते स्टूल तसेच पुढे ओढिले आणि पाय ठेविले. पाय टेकले. मांडी सपाट जाहली. आणि स्टूल एका पायावरून दुसऱ्यावर डुगडुगले, त्यासरशी राणीसाहेबांचे गुडघे हलके झुलले, आणि युवराज रडता रडता थबकले आणि पिऊ लागले. डुग, डुग, आणि घोट, घोट. राव करवत उचलोन म्हणाले, "आता फक्त हा डावा पाय जरासा..."

"हात लावशील तर बघ," राणीसाहेब कुजबुजल्या.

आईसाहेबांनी लेकाच्या हातातून करवत काढोन घेतली आणि स्वतः गालिच्यावर बसकण मारिली. त्या तीन बाळंतपणांत कधी खुर्चीवर बैसल्या नव्हत्या, त्यांस कोणी पायाखाली काय हवे पुसिले नव्हते. त्यांनी त्या डुगडुगत्या स्टुलाकडे पाहिले. मग हळूच बोलिल्या, "पिऊ दे गं. दुसऱ्या बाजूलाही घे, घाई नाही." त्या दिवशी युवराज दोन्ही बाजू रिकाम्या करोन तोंड उघडे टाकोन निजले, आणि रात्रभर तोच क्रम चालिला. शुक्रवारी काटा पुढे सरकला, अगदी थोडा, परंतु सरकला, आणि वैद्यबाईंनी वरच्या दुधाचे नाव काढिले नाही.

येणेप्रमाणे पादपीठाची मोहीम फत्ते जाहली. सारांश इतकाच की, असे आसन करविणे जाहले तर ज्याचे पाय त्यास आधी बैसवोन पाहावे. हे शहाणपण या राज्यास लाभले खरे, पण सागवान कापल्यावर.