एक नंबरचा स्विच

नेटवर्क स्विचच्या दर्शनी बाजूला, डाव्या कडेला, तिळाएवढा एक हिरवा दिवा असतो. त्याच्याखाली ‘मास्टर’ असं छापलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरांत की वाचायला चष्मा लागतो. असे तीन स्विच एकावर एक ठेवून मागच्या बाजूने आखूड केबलींनी एकमेकांना जोडले, की तिघांत मिळून एकाचाच तो दिवा लागतो. बाकीचे दोघे त्याचं ऐकतात. तो बंद पडला तर दुसरा लगेच कारभार हाती घेतो आणि काम चालू राहतं. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही मिळून एकच यंत्र वाटतं. या रचनेला स्टॅक म्हणतात.

हा मास्टर निवडायला यंत्रांना चहा गाळण्याइतका वेळ पुरतो. यावरून यंत्रांना विचारशक्ती नसते हे सिद्ध होतं. जिथे विचारशक्ती असते तिथे इतकी घाई होत नाही. उदाहरणार्थ, घोड-भीमा संयुक्त सहकारी दूध संघ.

संघाची इमारत शिरूर–चौफुला रस्त्याच्या बाजूला, दोन तालुक्यांच्या बरोबर शिवेवर आहे. पुढचं फाटक शिरूर तालुक्यात उघडतं, मागचं दौंड तालुक्यात. समतोल हे संघाचं ब्रीद आहे. अध्यक्षपद निम्मी मुदत शिरूरकडे आणि निम्मी दौंडकडे असतं. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन पुढच्या अंगणात होतं, सव्वीस जानेवारीचं मागच्या. सभागृहात दोन घड्याळं आहेत. ती सारखी वेळ दाखवत नाहीत. मधल्या अंतरात चहा होतो. दूध तपासण्याची प्रयोगशाळा मात्र इमारतीच्या मधोमध आहे, म्हणून ती कोणाचीच नाही. (तिचं छप्पर गळतं.)

संघाने तीन स्विच आणले: एक शिरूर विभागासाठी, एक दौंड विभागासाठी आणि एक प्रयोगशाळेसाठी. दुधाच्या फॅटचा आकडा यंत्रातून थेट नोंदीत जावा म्हणून ते आणले. याची गरज का पडली हे समजायला संघाची नोंदणीची जुनी पद्धत समजून घ्यायला हवी. गावोगावच्या केंद्रांवरून कॅन येतात. प्रत्येक केंद्राच्या दुधाचा नमुना यंत्रात जातो आणि यंत्र त्याची फॅट दशांशासकट दाखवतं. एक माणूस तो आकडा मोठ्याने वाचतो. खिडकीपलीकडचे नोंद-लिपिक तो ऐकून लिहितात. लिपिकांचं पूर्णांकांवर प्रेम आहे. सहा पूर्णांक आठ दशांश त्यांच्याकडे पोचेपर्यंत सहा होतात. संचालकांच्या गावच्या केंद्रांबाबत हे प्रेम वरच्या दिशेने वाहतं, आणि सहा पूर्णांक एक दशांशाचे सात होतात. एकूण सरासरी काढली तर कोणावरही अन्याय होत नाही.

अन्याय झाल्यासारखं वाटतं ते फक्त नकुशीबाईंना. त्या म्हाळसा महिला दूध केंद्राच्या अध्यक्ष. त्यांच्या केंद्रावर फक्त म्हशीचं दूध येतं, आणि त्याची फॅट वर्षभर न चुकता सहा लागलेली आहे. (दूध इतकं शिस्तीचं क्वचितच असतं.) संघाचा नियम असा, की ज्या केंद्राची फॅट वर्षभरात सहाच्या वर गेली नाही ते सर्वसाधारण सभेनंतर बंद करावं. सहा म्हणजे सहाच्या वर नव्हे, हे गणित संघाला येतं. नियमात दयाही आहे: सभेनंतर एक महिना मुदत मिळते, आणि त्या महिन्यात नेटवर्कवरून आलेली यंत्राची नोंद सहाच्या वर गेली तर केंद्र चालू राहतं. नेटवर्क सुरू असलं पाहिजे, एवढीच अट.

नेटवर्क सुरू करण्याचं काम मोनाली सोनवणेकडे होतं. शिक्रापूरच्या एका कारखान्यात तिने असे स्टॅक पाच-सहा वेळा जोडले होते. त्यामुळे तिला सहकाराचा अनुभव नव्हता. तिने तिन्ही स्विच टेबलावर मांडले, केबली जोडायला घेतल्या, आणि संचालक मंडळाच्या बैठकीत जाऊन विचारलं, “सर, एक नंबर कुठल्या स्विचला देऊ? प्रयोगशाळेच्या स्विचला दिला तर बरं पडेल. सगळी माहिती तिथूनच निघते.”

प्रश्नाचा दुसरा भाग कोणाला ऐकू आला नाही.

“एक नंबर म्हंजी?” अध्यक्ष सर्जेराव आबांनी विचारलं. आबा शिरूरचे.

“म्हणजे मास्टर, आबा. बाकीचे दोन त्याच्या ताब्यात राहतात.”

उपाध्यक्ष बबनराव आप्पा दौंडचे. त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. “ताब्यात म्हंजी कसं? समजा, शिरूरचा बंद पडला. दौंडचा चालतो का न्हाई?”

“चालतो ना, आप्पा. उलट तोच मास्टर होतो.”

“मंग आधीपास्नंच हू द्या की. बंद पडायची वाट कशापायी बघायची?”

“बंद पडायचा न्हाई तो,” आबा म्हणाले. “शिरूरचा हाय.”

येथून पुढे विषय तांत्रिक राहिला नाही, आणि म्हणून त्यावर खरी चर्चा होऊ शकली. एक उपसमिती नेमण्यात आली. केबली निर्णय होईपर्यंत आबांच्या कपाटात ठेवण्यात आल्या. कपाटाची किल्ली आप्पांकडे देण्यात आली.

उपसमितीने जे काम केलं ते पाहता समित्या काही करत नाहीत हा आरोप टिकत नाही. प्रथम तिने दोन्ही तालुक्यांच्या स्विचना एक नंबर देण्याची शिफारस केली. प्रयोगासाठी केबली कपाटातून काढण्यात आल्या. एकाच स्टॅकमध्ये दोन एक नंबर आहेत हे लक्षात येताच यंत्राने कोणाला न विचारता त्यांतल्या एकाला दोन नंबर दिला. हा दौंडचा स्विच होता. यंत्राला कारणे दाखवा नोटीस काढावी असं मत नोंदवण्यात आलं.

मग रॅकमध्ये वरच्या खणात कोण बसणार हा प्रश्न आला. वरचा तो मोठा, असा गैरसमज होऊ नये म्हणून रॅकच आडवं पाडण्यात आलं. आता तिन्ही स्विच फळीवरच्या पुस्तकांसारखे शेजारी शेजारी उभे होते, आणि कोणीही वर नव्हतं. वाऱ्याचा मार्ग अडल्याने ते तापू लागले, पण समान तापू लागले. येणारे-जाणारे रॅकला वळसा घालून जात. दोघेजण अडखळून पडले: एक शिरूरचा, एक दौंडचा. समतोल राहिला.

त्यानंतर निम्मी मुदत शिरूरचा स्विच मास्टर आणि निम्मी दौंडचा, असा तोडगा निघाला. संघाच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या मास्टरचा राजीनामा आधीच घेऊन ठेवायचा होता. यंत्र सही करत नसल्याने हा तोडगा मागे पडला.

शेवटी उपसमितीने सर्वांना मान्य होईल असा मार्ग शोधला. केबली काढून टाकल्या. प्रत्येक स्विच एकटा झाला, आणि एकटा असलेला स्विच स्वतःलाच मास्टर मानतो. तिन्ही हिरवे दिवे एकदम लागले. नारळ फुटला, छायाचित्र निघालं, आणि मास्टरांच्या संख्येत दोनशे टक्के वाढ झाल्याची बातमी संघाच्या मासिकात आली. नेटवर्क तेवढं चाललं नाही, कारण तिन्ही स्विचना एकच पत्ता दिलेला होता आणि प्रत्येक जण तो आपलाच समजत होता. फॅटचा आकडा प्रयोगशाळेतून निघे आणि कोणाकडेच पोचत नसे. मग नेहमीचा माणूस तो मोठ्याने वाचे आणि लिपिक सहा लिहीत.

नकुशीबाई दर आठवड्याला येऊन जात. रॅकला वळसा घालून त्या मोनालीच्या टेबलाशी उभ्या राहत.

“झालं का सुरू, म्याडम?”

“दिवे लागलेत, मावशी.”

“दिवं तर माझ्या गोठ्यात बी हायत. आकडा कवा जायाचा?”

“एक नंबर ठरला की जाईल.”

“आन् तो कवा ठरायचा?”

“आबा-आप्पांचं एकमत झालं की.”

नकुशीबाईंनी पदराने कपाळ पुसलं. “तवर माझी म्हस दूध द्यायची ऱ्हायली न्हाई म्हंजी मिळवली,” त्या म्हणाल्या. “यंत्राला स्वतःला ठरवता येत न्हाई व्हय?”

यंत्राला ते येत होतं. मोनालीने पुढच्या बैठकीत तसं सांगितलं. केबली जोडून, सगळ्यांना सारखाच मान देऊन वीज सुरू केली, तर यंत्र तीन गोष्टी पाहतं. आधी मान कोणाला जास्त दिला आहे. तो सारखा असेल तर सेवा कोणाची जुनी, म्हणजे कोण जास्त वेळ चालू आहे. तीही सारखी असेल तर कारखान्यात प्रत्येकावर कोरलेला एक क्रमांक असतो. तो ज्याचा सगळ्यात लहान, तो मास्टर. हा क्रमांक जन्मभर राहतो.

“म्हंजी जन्मावर ठरतं,” आबा म्हणाले.

“शेवटी, हो.”

सभागृहात हायसं वाटल्याचा आवाज झाला. “मंग हे आधी का न्हाई सांगितलं?” आप्पा म्हणाले. “मान, सेवा, हे सगळं समजायला अवघड. जन्माचं कसं, कुणाला समजावून सांगावं लागत न्हाई.”

नियम टाळ्यांच्या गजरात स्वीकारण्यात आला. तांत्रिक बाबीवर संघात इतकं एकमत पूर्वी झालं नव्हतं. मोनालीने तिन्ही स्विच उलटे करून क्रमांक वाचून दाखवले. सगळ्यात लहान क्रमांक प्रयोगशाळेच्या स्विचचा निघाला.

 मग आबा म्हणाले, की जन्मावरून थोरला-धाकटा ठरवणं आजच्या काळात बरं दिसत नाही. आप्पांनी अनुमोदन दिलं. संचालक मंडळ त्या संध्याकाळपुरतं पुरोगामी झालं, आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याचं ठरलं.

सर्वसाधारण सभेबद्दल तुम्हाला सांगायला नको. तुम्ही जाताच. मागून दुसऱ्या रांगेत, खांबाजवळ, पेढ्याचे पुडे वाटणारा जिथून सुरुवात करतो तिथे तुमची खुर्ची असते. सचिव कोंडिबा तात्या “विषय क्रमांक” एवढं म्हणतात आणि सभागृह “मंजूर” म्हणतं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि संघाच्या आजवरच्या इतिहासात एकाही विषयाचं क्रियापद कोणी ऐकलेलं नाही. या परंपरेवर विसंबून तात्यांनी नववा विषय असा लिहिला होता: ‘संघाच्या नेटवर्कमध्ये एक नंबर (मोकळी जागा) स्विचला देण्यास मान्यता देणे.’ मोकळ्या जागेपर्यंत कोणी पोचणारच नव्हतं. ती नंतर सवडीने भरता आली असती, किंवा नसती. नसती तर पुढची सर्वसाधारण सभा पुढच्या वर्षी होती, आणि म्हाळसा केंद्राची मुदत एका महिन्याची.

पहिले आठ विषय पेढे वाटून होण्याच्या आत मंजूर झाले. नवव्यात इंग्रजी शब्द आहेत म्हणून तात्यांनी माईक मोनालीच्या हातात दिला.

“विषय क्रमांक नऊ,” मोनाली म्हणाली, आणि रिवाजाप्रमाणे थांबली.

कोणी काही बोललं नाही. पुढच्या रांगेत डावीकडे शिरूरचे बसले होते, उजवीकडे दौंडचे. आपण आधी मंजूर म्हटलं आणि पुढे नाव त्यांचं निघालं तर काय, असा विचार दोन्हीकडे एकाच वेळी झाला होता. दोन्ही घड्याळांची टिकटिक वेगवेगळी ऐकू येत होती.

“संघाच्या नेटवर्कमध्ये,” मोनाली पुढे वाचू लागली, “एक नंबर,” आणि मोकळ्या जागेपाशी आली. तिने व्यासपीठाकडे पाहिलं. आबा आप्पांकडे पाहत होते, आप्पा छताकडे.

बायकांच्या बाजूने नकुशीबाईंचा आवाज आला. “थांबलात का, म्याडम? इतक्या वर्सांत पयल्यांदा कुणीतरी ऐकतंया. वाचा की फुडं.”

मोनालीने कागद खाली केला.

“प्रयोगशाळेच्या स्विचला,” ती म्हणाली, “देण्यास मान्यता देणे.”

शिरूरने दौंडकडे पाहिलं, दौंडने शिरूरकडे. दोघांनाही समोरचा जिंकलेला दिसला नाही. चेहरे सैल झाले. पण पहिला शब्द कोणी उच्चारायचा यावर उपसमिती नेमलेली नव्हती, त्यामुळे सभा तशीच गप्प राहिली.

तुम्ही मागे पुड्याची गाठ परत बांधण्यात गुंतला होतात. सगळीकडे इतकी शांतता पसरलेली पाहून तुम्ही दचकलात. आपलंच काहीतरी म्हणायचं राहिलं असणार असं तुम्हाला वाटलं. तोंडातला पेढा एका गालात सरकवून, विषय कोणता चाललाय हे शेजाऱ्याला विचारायच्या आधीच, तुम्ही चांगलं खणखणीत म्हणालात, “मंजूर.”