दामूकाकांची अलास्कातली बाल्कनी

दामूकाका नाखवा कुणाच्याही घरी गेले की चपला काढतात आणि थेट बाल्कनीत जातात. पाणी नाही, चहा नाही, बसणं नाही. यजमान खुर्ची पुढे करून उभा, आणि काका त्याच्या आतल्या खोलीतून, पलंगाला वळसा घालून, बाल्कनीच्या दाराशी पोचलेले. तिथे बहुतेक वेळा बाल्कनी नसतेच. ग्रिल असतं, ग्रिलला सरकत्या काचा असतात, आणि काचांच्या आत शिलाई मशीन, गव्हाची कोठी, नाहीतर दहावीला बसलेली मुलगी. काका क्षणभर बघतात आणि घरात कुणी वारल्यासारख्या आवाजात विचारतात, "कधी केलीत बंद?"

आमच्या वर्तकनगरात या प्रश्नाचा कुणी राग मानत नाही. इथे बाल्कनी बंद करणं हा एक संस्कारच आहे. आधी घराचा ताबा, मग पूजा किंवा वंदना, मग ग्रिलवाला. दोन खोल्यांत माणसं मावत नाहीत, म्हणून तिसरी खोली हवेतून काढायची. या विषयावर माझं मत पक्कं आहे आणि ते मी पत्रक काढून कॉलनीभर वाटलंही होतं: दोष बाल्कनी बंद करणाऱ्याचा नाही, माणसांना दोन खोल्यांत कोंबणाऱ्या धोरणाचा आहे. माझ्या वडिलांचं छोटं छपाईयंत्र होतं. संपाची, मोर्चाची, जयंतीची पत्रकं आमच्याकडे गठ्ठ्यांनी पडलेली असायची आणि अक्षरओळख मला त्यांनीच करून दिली. त्यामुळे बहुतेक गोष्टींवर मला मत असतं, आणि ते कुणी मागितलं नाही तरी मी देते.

दामूकाकांनी माझं पत्रक उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "सगळं बरोबर लिवलंयस, सुजाता. पण यात वाऱ्याचं काहीच नाय."

काका मूळचे ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. लहानपणीच्या घराचा ओटा पाण्यावर उघडायचा, असं ते सांगतात. पोस्टात काउंटरवर नोकरी लागली आणि ते इथे दुसऱ्या मजल्यावर आले. काउंटरवर बसून त्यांची बोली बरीच सरकारी झाली; पण चिडले किंवा आत काही हललं की 'ळ'चा 'ल' होतो आणि कोळीवाडा बाहेर येतो. अख्ख्या इमारतीत त्यांची एकट्यांची बाल्कनी उघडी आहे. घरात चार माणसं होती तेव्हाही उघडीच होती. त्यांचा मुलगा प्रकाश जिन्यात बसून अभ्यास करायचा. जिन्यात बसूनच तो इंजिनिअर झाला, आणि आता अमेरिकेत, सिएटलला असतो.

त्या उघड्या बाल्कनीत हिराकाकू बसतात. हिराकाकू म्हणजे दामूकाकांची बायको. काचबिंदूने त्यांची दृष्टी पूर्ण गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण कॉलनीत काय चाललंय हे डोळसांपेक्षा त्यांनाच आधी कळतं. मी फाटकातून आत शिरले की वरून आवाज येतो, "सुजा, चपलेचा अंगठा शिवून घे गो. पाय घासत चाललीस." मात्र त्यांना कुणी सांभाळून घेतलेलं खपत नाही. हात धरला की झटकतात. एका लग्नात कुणीतरी कळवळून त्यांना पुढच्या सोफ्यावर बसवायला गेलं, तर त्या उठून मागच्या पंगतीत जाऊन बसल्या. "माझ्यासाठी म्हणून काही करायचं नाय," हा त्यांचा कायदा. या कायद्यात दुरुस्ती करायला काकाही धजत नाहीत.

तर अशा या घरात मागल्या हिवाळ्यात प्रकाशने एक कॅटलॉग पाठवला. उन्हाळ्यात आईबाबांना अमेरिकेला न्यायचं आणि तिथून जहाजाने अलास्काला, बर्फाच्या नद्या बघायला, असा त्याचा बेत होता. कॅटलॉगमध्ये निळं पाणी, त्यात उभा पांढरा कडा, आणि त्यासमोर आमच्या कॉलनीएवढं जहाज. खोल्या तीन तऱ्हेच्या. आतली, जिला खिडकीच नाही. बाहेरची, जिला भलीमोठी खिडकी, पण काच पक्की बसवलेली, न उघडणारी. आणि बाल्कनीची. कुठली घ्यायची ते पुढच्या रविवारच्या फोनवर सांगा, बाल्कनीच्या खोल्या संपत आल्यात, असं प्रकाशचं म्हणणं. त्याचा स्वतःचा कल खिडकीकडे होता.

इंग्रजी कॅटलॉग मराठीत वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. जहाजाचा नकाशा बघून माझं रक्त तापलं. तळाशी जेवण रांधणारे आणि कपडे धुणारे, त्यांच्यावर बिनखिडकीचे, त्यांच्यावर खिडकीवाले आणि सगळ्यांच्या डोक्यावर बाल्कनीवाले. मी काकांना म्हटलं, "काका, हे जहाज नाही, हा समाजाचा उभा छेद आहे. तुम्ही कुठल्या मजल्यावर उभे राहणार ते ठरवा."

"तुझं म्हणणं काय, सगळ्यांना बाल्कनी मिळाली पाहिजे?"

"अर्थात."

"मग माझ्यापासून सुरुवात होऊ दे. बाकीच्यांचं आल्यावर बघू."

त्या आठवड्यात कॉलनीत दुसरा विषय नव्हता. मी तत्त्वतः विरोधात होते, तरी रोज संध्याकाळी पहिली हजर मीच. काकांच्या शंका संपत नव्हत्या. कॅटलॉगमध्ये खोलीचं क्षेत्रफळ छापलेलं होतं. हे कार्पेट की बिल्टअप, ते कुठे लिहिलंय? बाल्कनी त्यात धरली आहे का? आणि सगळ्यात मोठी शंका: शेजारच्या खोलीवाल्याने त्याच्या बाल्कनीला ग्रिल मारून काचा लावल्या तर आपला वारा अडेल, त्याला जबाबदार कोण?

"काका, ते लोक सहलीला येतात. सात-आठ दिवसांसाठी ग्रिल कोण मारतं?"

"तू माणसं बघितली नाहीस अजून," काका म्हणाले. त्यांनी आयएसडी बूथवर जाऊन प्रकाशला गाठलं आणि ही शंका तिथल्या तिकीटवाल्या बाईला विचारायला लावली. प्रकाशने नंतर सांगितलं की बाईने प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून घेतला, मग आत जाऊन साहेबांना विचारून आली, आणि बाल्कनी बंद करण्याची अशी मागणी आमच्याकडे आजवर कुणी केलेली नाही, असं अतिशय नम्रपणे कळवलं. काकांनी हे उत्तर कॉलनीभर फिरवलं. "बघा. आख्ख्या बोटीत एकानंही बंद केली नाय. याला देश म्हणतात."

शुक्रवारी तर कमाल झाली. मी गच्चीवर गेले, तर काका गुडघ्यावर बसून खडूने जमिनीवर रेघा मारत होते. कॅटलॉगमधल्या मापाने त्यांनी अख्खी खोली गच्चीत आखली होती. इथे पलंग, इथे कपाट, इथे संडास, आणि कठड्याच्या बाजूला बाल्कनी. बाल्कनीत घरातल्या दोन खऱ्या खुर्च्या आणून ठेवलेल्या. इमारतीचे सेक्रेटरी कुलकर्णी हातात पाण्याच्या टाकीची किल्ली घेऊन उभे होते.

"नाखवा, गच्ची ही सामायिक जागा आहे. इथे वैयक्तिक बांधकाम चालणार नाही."

"बांधकाम कुठाय? खडू आहे."

"खडू असो. उद्या तुम्ही म्हणाल ताबा माझा."

"तुमी आधी तिथून बाहेर व्हा," काका म्हणाले. "सरळ कपाटात उभे आहात."

कुलकर्णी दचकून बाजूला झाले, आणि तिथेच त्यांचा पराभव झाला. मग ते दारातून आत आले, पलंगाच्या कडेने सांभाळून चालत बाल्कनीत पोचले, खुर्चीवर बसले आणि समोरच्या येऊरच्या डोंगराकडे पाहत म्हणाले, "जागा तशी ऐसपैस आहे हो." त्यानंतर शनिवारभर गच्चीवर रांग. प्रत्येकाला अलास्काला जाऊन यायचं होतं. कुणी विचारी, कपडे वाळवायची दोरी कुठे. कुणी विचारी, जास्तीचा पाहुणा आला तर बाल्कनीत गादी मावेल ना. खोली जहाजाच्या उजव्या अंगाची घ्यावी की डाव्या, यावर दोन तट पडले. मी डावीकडच्या बाजूने भाषण केलं. जहाज बर्फासमोर गोल फिरतं, दोन्हीकडून सारखंच दिसतं, हे कॅटलॉगमध्ये छापलेलं होतं. पण ते वाचून दाखवून चर्चा बंद पाडावी असं कुणालाच वाटलं नाही, मला तर नाहीच.

हिराकाकू मात्र गच्चीवर आल्या नाहीत. खाली आपल्या बाल्कनीत बसून हसत होत्या. "हौस बघ मेल्या म्हाताऱ्याची," मला म्हणाल्या. "मना काय, कुठलीपन खोली चालंल."

रविवारी सकाळी काकांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मी बाल्कनीच्या दाराला टेकून उभी होते, हिराकाकू आत गर्दीत बसल्या होत्या. फोन वाजला. काका फोनवर अमेरिकेच्या अंतराच्या मानाने ओरडतात आणि रिसीव्हर कानापासून लांब धरतात, त्यामुळे प्रकाशचं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू येतं.

"बाबा, बाल्कनीची एकच खोली उरलीये. आजच्या आज सांगायचंय. पण माझं ऐका, खिडकीची घेऊ. बाहेर थंडी मरणाची असते. तुम्हाला काचेतून सगळं दिसेल. आणि आईला, म्हणजे, आईला काय फरक पडणार आहे?"

कुलकर्णींनी पंख्याकडे बघायला सुरुवात केली.

"बरोबर बोलतोय तो," हिराकाकू हसत म्हणाल्या. "मी तर म्हनते खिडकीपन नको. आतली घ्या. आंधारात मी तुमच्यापेक्षा बरी चालते."

दोघंतिघं हसले. काका हसले नाहीत. आठवडाभर त्यांनी बाल्कनीच्या बाजूने काय काय सांगितलं होतं: वारा पाहिजे, तंबाखू मळायला जागा पाहिजे, कोळ्याचं पोर काचेआड बसलं तर वाडवडील हसतील. आता यातलं काहीच ते बोलेनात. त्यांनी अख्खा फोनच उचलला, वायर ताणत माझ्यापाशी आले आणि मला जरा सरकवून बाल्कनीत उभे राहिले. पाठ आमच्याकडे. इतक्या वर्षांत मी काकांना फोनवर हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"प्रकाश, तू गेल्या साली मित्रांसंगती गेलेलास तिकडं, तवा फोनवर काय बोललेलास? बर्फाचा कडा तुटून पान्यात पडला तवा तोफ सुटल्यासारखा आवाज झाला. आनि मंग कितीतरी येल बारीक कडकड येत ऱ्हायली, बर्फ पान्यात फुटल्याची. बोललेलास ना?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"मंग झालं तर. ती खिडकी उघडत नाय, पुस्तकात लिवलंय. तिच्या आत बसून तुझ्या आईला काय ऐकायला येनार?"

काका कठड्याची धूळ बोटाने पुसत राहिले.

"आनि ऐक. आईला यातलं सांगू नको. तिच्यापायी घेतली म्हनून कललं, तर ती इमानात चढायचीच नाय. बाबा हट्टी हाय, बाबाला अक्कल नाय, असंच ऱ्हाऊ दे." मग बराच वेळ त्यांनी नुसतं ऐकून घेतलं. "हं. हं. बरं. घे मंग तीच."

वळले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको तितक्या लक्षपूर्वक रस्त्यावरची रिक्षा बघत होते. मग ते आत गेले आणि नेहमीच्या आवाजात गरजले, "मिळाली. डाव्या अंगाची. पोरगा ऐकतच नव्हता, पण मी म्हटलं, मला सकाळची तंबाखू उघड्यावरच लागते, मग अलास्का असो नायतर आंबिवली."

खोलीत एकच गलका झाला. मीही टाळ्या वाजवल्या. माझ्या सगळ्या तत्त्वांसकट, मनापासून वाजवल्या. कुणीतरी पेढे आणायला पळालं. कुलकर्णींनी घरून एक पुडकं मागवलं. त्यांच्या बायकोने दोघांसाठी लोकरीच्या कानटोप्या विणून तयार ठेवल्या होत्या, गळ्यापर्यंत येणाऱ्या, जाड, दुहेरी विणीच्या. काकांनी आपली तपकिरी टोपी तिथल्या तिथे चढवली आणि घामाघूम होत सगळ्यांना बोटीचं वेळापत्रक सांगायला लागले.

लाल टोपी हिराकाकूंच्या मांडीवर ठेवली होती. त्यांनी ती हाताने चाचपली. बोटं कडेने फिरत फिरत कानांवरच्या जाड पट्ट्यांपाशी आली आणि तिथे थांबली. मग त्यांनी मला खुणेने खाली वाकायला सांगितलं.

"सुजा, ही कुलकर्णीबाईला गुपचूप परत दे. मना लोकर टोचते म्हनून सांग."

"काकू, तिथे बर्फ असणार. थंडीने कान गळून पडतील."

"नाय पडत. कान उघडेच ऱ्हायला पायजेत." त्यांनी टोपीची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "आनि ह्यांना नको सांगू."