निळी बाबागाडी

बिर्टेबाईंनी चौतीस वर्षांपूर्वीची निळी बाबागाडी माळ्यावरून काढली, पुसली आणि नात लिव्हला तिच्यात घालून डेन्मार्कच्या रीतीप्रमाणे अंगणातल्या थंडीत झोपवली. मग आत येऊन कॉफी ओतली. तेवढ्यात मुलगी सिग्ने म्हणाली, "आई, उद्याची गोवराची लस मी रद्द करतेय. आस्गरचं काय झालं ते ठाऊक आहे ना!"

तिचा थोरला भाऊ आस्गर समोरच बसून बिस्किटं आकाराप्रमाणे लावत होता. लस टोचली आणि पोरगं ऑटिस्टिक झालं, असं सारा गाव म्हणायचा. आता तर गोवर शेजारच्या गावापर्यंत आला होता.

"डेन्मार्कची साडेसहा लाख मुलं तपासली," आस्गर म्हणाला. "लस घेतलेली आणि न घेतलेली. ऑटिझममध्ये काही फरक नाही. सतराव्यांदा सांगतोय."

"साडेसहा लाखांचं मला काय! आपल्या घरात एक आहे ना!"

बिर्टेबाईंनी कप खाली ठेवला. "अगं, त्याला टोचलीच नव्हती."

"काय?"

"काय सुंदर ऊन होतं गं त्या सकाळी! तेव्हा तुझे बाबा हयात होते, बंदरावर तीन-तीन बेकऱ्या होत्या. सगळ्यांसारखी मीही गाडी पोरासकट दाराशी ठेवून दालचिनीचे पाव घ्यायला आत गेले. बाहेर आले, निळी गाडी धरली, थेट दवाखाना. टोपरं नाकापर्यंत, नर्स घाईत. सुई टोचल्यावर पोरगं असं बोंबललं, की म्हटलं हा आपला नव्हे. बघते तर शेजारच्या गुड्रुनचा येप्पे! तिचीही गाडी निळीच."

"अगं बाई! आणि आस्गर?"

"बेकरीच्या दाराशीच. दुलईची बटणं एकेक दाबायचा, पुन्हा पहिल्यापासून. इतका गोड दिसत होता! पुढे लोक लशीला बोल लावायला लागले, मी गप्प बसले. पोर बदललं हे कुठल्या तोंडानं सांगू? दवाखान्यात टोचल्याची नोंद आस्गरच्या नावावर, मग पुन्हा नेलंच नाही. चुकलंच माझं."

गुड्रुनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं; तिने त्याच आठवड्यात येप्पेला पुन्हा टोचून आणलं होतं. हा दोनदा टोचलेला येप्पे आज बंदरावर मासळीचा लिलाव पुकारतो आणि वारा उलटा असला तरी अर्ध्या गावाला भाव कळतात.

सिग्ने हसता हसता रडायला लागली. "म्हणजे झालं की सिद्ध!"

"काही नाही झालं," आस्गर म्हणाला. "एका पोरावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून तर साडेसहा लाख. आणि मला काही 'झालं' नाही. मी असाच आलो."

सिग्नेने डोळे पुसले. "उद्या नेते तिला."

"मलाही ने. माझी लस तेहेतीस वर्षं राहिलीय." शेवटचं बिस्किट जागेवर ठेवून तो आईकडे वळला. "गाडी मात्र मी ढकलणार."