एक थेंब आत जाणार नाय

‘दारिद्र्य घालवायला पैसा लागत नाही, डोकं लागतं.’ हे वाक्य मी १९६६ सालच्या एप्रिलमध्ये मुरबे गावच्या शाळेच्या फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. डोकं कोणाचं ते लिहिलं नाही. पण वाक्य वाचून झाल्यावर मुलांची नजर आपोआप माझ्या डोक्यावर पडावी, अशा बेताने मी फळ्याच्या अगदी कडेला उभा राहिलो होतो!

त्याचं असं झालं. नुकताच मी पालघरला आठ दिवसांचं विज्ञान शिबिर करून आलो होतो. तिथून एका रविवारी बोईसरच्या बाजूला जाऊन नव्या अणुवीज प्रकल्पाचं बांधकामही पाहून आलो. आजीने नातवाला कान धरून उठवावं तशी एक यारी, म्हणजे क्रेन, हत्तीएवढं लोखंड उचलत होती. मी दोन तास तोंड उघडं ठेवून पाहत राहिलो. परत आलो तो मनाशी पक्कं ठरवून, की यंत्राने एवढं लोखंड हलतं, तर मुरब्याचं दारिद्र्य का हलणार नाही?

आमच्या गावचं सगळं जगणं मासळीवर, आणि मासळीत बोंबील मोठा. बोंबील म्हणजे निम्मा मासा आणि निम्मं पाणी. कोळणी त्याच्या जोड्या करतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात, आणि बांबूंवर ताणलेल्या दोरांवर टांगतात. त्या मांडणीला वलांडी म्हणतात. वलांडीवर बोंबील सुकायला तीन दिवस लागतात. तेवढ्यात कावळे आपला वाटा नेतात, मांजरं आपला नेतात, आणि आभाळ आलं तर उरलेलं सडतं.

शिबिरात मी शिकलो होतो की काळा रंग ऊन पितो आणि काच ते बाहेर सोडत नाही. म्हणजे काळ्या पेटीवर काच बसवली की तीन दिवसांचं काम एका दिवसात! मी चौथीच्या वर्गाला हिशेब घातला. एका पेटीत एका दिवसात दोन पाट्या, तर दहा पेट्यांत तीस दिवसांत किती? मुलांनी गुणाकार केला. उत्तर एवढं मोठं आलं की त्यात होड्यांसाठी पक्का धक्का, दवाखाना आणि शाळेला कौलं, एवढं सगळं बसत होतं.

पेटी करायला मी जिव्याला गाठलं. जिव्या होड्या बांधणारा सुतार, वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. त्याच्या होडीत पाणी दिसलं तर ते खलाशाच्या डोळ्यांतलं समजावं, असा त्याचा लौकिक. मी बोईसरच्या भंगारवाल्याकडून एक भलंमोठं खोकं आणलं. काचांसाठी शाळेच्या दोन खिडक्या आणि कपाटाचं दार मोकळं केलं. फळ्यावर चित्र काढून जिव्याला समजावलं: “खाली चार भोकं, वर चार भोकं. खालून कोरडा वारा आत, वरून ओला वारा बाहेर. भोकं विसरायची नाहीत, जिव्यादादा.”

जिव्याने मान हलवली. तो कमी बोलणारा माणूस. मान मात्र छान हलवायचा.

आता पेटीत पहिला बोंबील कोण घालणार? गावात कोणी पुढे येईना. माझ्यावर सगळ्यांचा जीव होता, पण बोंबलांवर जास्त. शेवटी काशीबाई तयार झाली, तेही हौसेने नाही, गरज पडली म्हणून.

काशीबाईची आणि डोंगरातल्या बायडीची कितीएक वर्षांची अदलाबदल चाललेली होती. पावसाळ्याआधी एका ठरलेल्या बाजाराला काशीबाईने मनोरला सुक्या बोंबलांची पाटी न्यायची आणि बायडीने नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पोतं आणायचं. होड्या किनाऱ्यावर ओढल्या की काशीबाईच्या घरी ती नागली शिजायची, आणि डोंगरात आवणीच्या, म्हणजे रोपं लावायच्या, दिवसांत बायडीच्या घरी ते बोंबील. आदल्या पावसात बायडीच्या झोपडीत ओल शिरून सगळं बियाणं कुजलं होतं. पेरायला काही नाही म्हणून तिची माणसं बोईसरकडे घमेली उचलायला गेली होती. यंदा त्या मजुरीतून मोठ्या कष्टाने तिने नागली जमवली होती, आणि शनिवारच्या बाजाराला येते असा निरोप धाडला होता.

बुधवारी काशीबाईच्या हाती मासळी आली. गुरुवारी सकाळी ऊन होतं, पण वारा फिरलेला. म्हातारे खलाशी आभाळाकडे बघून म्हणू लागले, उद्या ढग. वलांडीवर टाकलं तर तीन दिवस नव्हते. काशीबाई माझ्या दारात येऊन उभी राहिली.

“मास्तर, एका दिसात सुकल ना?”

“चार वाजता काढा,” मी म्हटलं. “खडखडीत.”

“दोन पाट्या हायेत. सगळ्याच टाकू?”

इथे खरं तर शहाण्या माणसाने म्हटलं असतं, आधी दहा जोड्या टाकून बघू. मी म्हटलं, “सगळ्या टाका!”

पेटी शाळेच्या अंगणात मांडली होती. जिव्याने रात्र जागून ती पुरी केली होती, आणि वरून पदरचं डांबर फासलं होतं. ती काळीभोर पेटी उन्हात चमकत होती. आत दोर ताणलेले. काशीबाईने जोड्या टांगल्या, मग काच लावायच्या आधी थांबली. पेटीला एक फेरी मारून तिने विचारलं, “मास्तर, याला वारा कुठून लागल?”

प्रश्न विचारणाऱ्याला कधी हसू नये, हे मी मुलांना रोज सांगतो. मी हसलो नाही. मी तिला हाताला धरून वर्गात नेलं, आणि फळ्यावरच्या चित्रातली आठही भोकं खडूने एकेक करून दाखवली. काशीबाई चित्राकडे बघत राहिली. मग खिडकीतून, जिला आता काच नव्हती, पेटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, तुमी शिकलेली माणसं. आणि काच लावली.

नऊ वाजता मुलं काचेला नाक लावून उभी. दहा वाजता काचेवर धुकं धरलं. मी वर्गाला सांगितलं, बघा, पाणी बोंबलातून बाहेर निघालं, यंत्र चालू झालं! मुलांनी टाळ्या वाजवल्या. अकरा वाजता काच इतकी धूसर झाली की आतलं काही दिसेना, आणि आतल्या बाजूने थेंब ओघळू लागले. मी म्हटलं, उत्तम. काशीबाई पेटीशेजारी बसली होती.

शाळा सकाळची होती. पण सुटल्यावर एकही मूल घरी गेलं नाही. उलट त्यांच्या आया आल्या. बारा वाजता मांजरं आली. आधी दोन, मग सात, मग मोजायचं मी सोडून दिलं. गावची सगळी मांजरं पेटीभोवती गोल करून बसली, पंगतीला पान मांडायची वाट बघावी तशी. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. कारण सुक्या बोंबलाचा वास मुरब्यातल्या मांजरांच्या नाकाला रोजचाच. हा वास वेगळा होता. हा वास ओळखीचा होता, पण अंगणातला नव्हता.

“मास्तर,” काशीबाई हळूच म्हणाली, “उघडू का?”

चार वाजेपर्यंत उघडायचं नाही, हा नियम मीच केलेला. उघडलं तर ऊन फुकट, आणि नाही उघडलं तर काय ते मला माहीत नव्हतं. पश्चिमेला एक ढग तळहाताएवढा होऊन वर चढत होता. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. चाळीस मुलं, त्यांच्या आया, मांजरं. मी रुमालाने कपाळ पुसलं. घामाचे थेंब आणि काचेवरचे थेंब एकाच वेगाने ओघळत होते.

एवढ्यात जिव्या जेवून आला. पेटीच्या फळीवर त्याने प्रेमाने थाप मारली. आयुष्यात पहिल्यांदाच तो आपणहून बोलला.

“मास्तर, बघितलात? कुठे गळती नाय. भोकं ऱ्हायली होती ती पण भरून टाकली. कापूस, राळ, वरून डांबर. बघा, एक थेंब आत जाणार नाय.”

मी पेटीच्या मागच्या बाजूला धावलो. गुडघ्यांवर बसून खालच्या फळीवरून बोटं फिरवली. भोकं होती. चारच्या चार. जिव्याने ती माझ्या चित्राप्रमाणे अगदी मापात पाडली होती, आणि मग त्याच्या हातांनी, ज्यांनी जन्मात एकही फट उघडी ठेवली नव्हती, ती इतकी सुबक बुजवली होती की नखही शिरेना. होडीला भोक! बापड्याला वाटलं, मास्तर शिकलेला खरा, पण दर्याचं काय कळतंय त्याला. माझी अब्रू राखायला त्याने भोकं बुजवली होती.

“काच काढा,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

काच उचलली तसा वाफेचा एक लोट वर गेला, आणि अंगणभर कालवणाचा घमघमाट सुटला. वाफ विरली. दोरांवर जबडे तेवढे अडकून राहिले होते, जोडीजोडीने, अगदी शिस्तीत. बाकीचा बोंबील खाली पेटीच्या तळाशी पांढऱ्या पेजेसारखा पसरला होता.

काशीबाई वाकून आत बघत होती. तिच्या घरचा आषाढ आणि श्रावण त्या पेटीच्या तळाशी होता, आणि डोंगरात कोणीतरी शनिवारची तयारी करत होतं. जिव्याचा चेहरा काळवंडला.

तेव्हा दुसरीतली चिमी पुढे झाली. तिने पेटीत डोकावलं, वास घेतला, आणि विचारलं, “मास्तर, मीठ घातलंत का?”

हसायला पहिली काशीबाई लागली. तोंडाला पदर लावून हसता हसता ती खाली बसली, आणि मग मला कळेना की ती हसते आहे की रडते आहे. मला वाटतं, तिलाही कळत नव्हतं.

पुढचं सगळं बायकांनीच केलं, मला कोणी विचारलं नाही. मंजुळा घरी गेली आणि आपल्या वलांडीवरच्या सुक्या बोंबलांच्या दहा जोड्या घेऊन आली. मग पारूने पंधरा आणल्या. घरटी पाच, सात, जसं जमेल तसं. ढग गावावर येईपर्यंत काशीबाईची पाटी भरली होती. कोणी हिशेब ठेवला नाही. फक्त पाटी डोक्यावर कोणी घ्यायची, हे सगळ्यांनी एकमताने ठरवलं. मास्तरने!

शनिवारी काशीबाई आणि मी होडीतून सातपाटी, तिथून एस.टी.ने पालघर, पुढे मनोर. एस.टी.त काशीबाई पुढे बसली; पाटीच्या वासाने माझ्या शेजारी मात्र कोणी बसलं नाही. एवढ्या ऐसपैस मी पुन्हा कधी प्रवास केला नाही. बाजारात बायडी पोत्यावर बसून वाट बघत होती. काशीबाईने तिला सगळी हकिकत सांगितली. माझ्यासमोरच सांगितली, मांजरांसकट. बायडी ऐकत गेली. मला वाटलं, आता ही पण हसणार. पण तिने एकच विचारलं.

“त्या पेटीत पाणी जात नाय? खरंच नाय?”

“थेंब नाय,” काशीबाई म्हणाली. “आमच्या जिव्यानं केली.”

“उंदीर?”

“मुंगी शिरल तर सांग.”

बायडी माझ्याकडे वळली. “मास्तर, मग ती मला द्या. माझं बियाणं ठेवते.”

आठ दिवसांनी पेटी बैलगाडीतून डोंगरात गेली. त्या पावसाळ्यात बायडीच्या झोपडीत आदल्या वर्षासारखीच ओल शिरली, पण पेटीत थेंब गेला नाही. दिवाळीनंतर मी मुद्दाम बघायला गेलो. बियाणं पेरून, पीक निघून, नवी नागली पुन्हा पेटीत भरलेली होती. घरातलं कोणी बोईसरला गेलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की क्षणभर वाटलं, फळ्यावरचं वाक्य अगदीच चुकलं नव्हतं. मग मी काचेकडे पाहिलं. उजेडाने दाण्याला कीड लागते म्हणून बायडीने माझी सूर्यकाच शेणाने छान सारवून टाकली होती.

पुढच्या वर्षी डोंगरातून आणखी सहा जण पेटी मागायला मुरब्याला आले. त्यांनी विचारलं, जिव्याची पेटी मिळते ती कुठे? मास्तरची पेटी कोणी मागितली नाही.

राहिल्या शाळेच्या खिडक्या. त्यांच्या काचा डोंगरात गेल्यामुळे त्या पहिल्याच आषाढात वर्गात सरी येऊ लागल्या, आणि दुसरीची मुलं भूगोल भिजत शिकू लागली. मी जिव्याला बोलावलं. तो फळ्या, कापूस आणि राळ घेऊन आला, खिडकीसमोर उभा राहिला आणि वळून माझ्याकडे बघत राहिला. मी सवयीने खडू उचलला.

“मास्तर, चित्र नको,” जिव्या म्हणाला. “फट कुठे सोडायची, कुठे भरायची, ते हात लावून सांगा.”

मुलं हसली. मीही हसलो, पण जरा उशिरा. मग खडू ठेवला आणि खिडकीशी गेलो.