सरावाचा चोर

माले गावच्या बायका लाथा झकास मारायच्या, पण हवेला. एकमेकींना धरायची वेळ आली की आधी "लागलं का गं?" असं विचारायच्या आणि मग पदर तोंडाला लावून हसत बसायच्या. हिंजवडीतल्या नोकरीतून दर रविवारी गावी येऊन समाजमंदिरात स्वसंरक्षण शिकवणारी सायली अगदी टेकीला आली होती.

शेवटी तिने गुन्ह्यांवरची संशोधनं वाचायला घेतली. रात्री जेवताना अहवाल, बसमध्ये अहवाल. त्यातून तिला कळलं की खरा चोर ओरडत अंगावर येत नाही. तो भर दुपारी येतो, प्यायला पाणी मागतो, मावशी म्हणतो आणि दागिने उजळून देतो म्हणून हातात घेतो. माणूस फसतो तो भिडेपोटी.

"म्हणजे सराव खराखुरा हवा, न सांगता," ती इंद्रजितला म्हणाली. "तू पॉलिशवाला होऊन जायचं. त्यांनी मोठ्यानं 'नको' म्हणायचं आणि शेजारणींना हाका मारायच्या. तेवढं झालं की हा सराव होता म्हणून सांगून टाक."

इंद्रजित नांदे गावचा, तिच्याच ऑफिसातला. दर रविवारी तो तिला बाइकवरून गावापर्यंत सोडायचा आणि क्लास सुटेपर्यंत खाचराच्या बांधावर बसून स्वप्नं बघायचा. स्वप्नात तो विचारायच्या आधीच सायली हो म्हणायची. जागेपणी विचारायचं काही त्याला जमत नव्हतं. हे चोरीचं जमलं तर तेही जमेल, असं त्या बिचाऱ्याला उगाचच वाटलं.

पुढच्या रविवारी टोपी आणि काळा चष्मा घालून तो निघाला. भातं कापून झाली होती. खाचरांवर कोवळं ऊन साचलं होतं, पेंढ्याचा वास सुटला होता आणि डोंगर धुक्यात अर्धे विरघळले होते. अशा हवेत चोरी काय, साधी शिंकही जोरात देववत नाही. सायलीची आत्या, साळूबाई, अंगणात वाल सोलत बसली होती.

"मावशी, पाणी मिळेल का?" इंद्रजित म्हणाला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "दागिने... म्हणजे, काळे पडले असतील तर उजळून देतो. नको असेल तर नको म्हणा. मोठ्यानं म्हटलं तरी चालेल."

"नको कशाला? बरा आलास!" साळूबाई आत जाऊन बोरमाळ घेऊन आली आणि तिने खरंच शेजारणींना हाका मारल्या. "अगं ए बाळाबाई! पॉलिशवाला आलाय. समद्या जणी दागिनं घिऊन या!"

बघता बघता त्याच्या रुमालावर माळा, पाटल्या आणि नथींचा ढीग झाला. इंद्रजितला घाम फुटला.

"मावशी, अहो, अनोळखी माणसाला असं देऊ नये! मी चोर असलो तर?"

"चोर आसं इचारतोय व्हय? घास गप."

सायलीला फोन लावावा तर मोबाइलला रेंज नव्हती. आता घासण्यावाचून गत्यंतर नव्हतं. धनगरवाड्यावरून शेजारी कामाला येणाऱ्या बाळाबाईने चिंच आणि राख आणून दिली. तो मान खाली घालून घासू लागला. ऊन पाठीवर उबदार पडलं होतं, कुठेतरी पारवा घुमत होता, आणि त्याला पुन्हा ते स्वप्न पडू लागलं. सायली माळ घालून उंबऱ्यात उभी आहे, माळ झळाळते आहे...

त्याने खाली पाहिलं. माळ तांबूस झाली होती. त्याने आणखी जोरात घासलं, तर मणी पांढरेफटक पडले. घाबरून पाटल्या घेतल्या, त्यांचीही तीच गत. एका बैठकीत आपण अख्ख्या आळीचं सोनं घालवलं, हे लक्षात येताच त्याने सगळे दागिने रुमालात ओढले.

"मी... मी सोनाराला घेऊन येतो!" रुमाल गुंडाळून तो उठला.

"चालला कुटं?" बाळाबाईने त्याचं मनगट धरलं आणि शिकवल्याबरहुकूम पाठीमागे पिरगळलं. दुसरीने दंड धरला, तिसरीने पायात पाय घालून त्याला गुडघ्यावर आणलं. या वेळी "लागलं का?" असं कुणीच विचारलं नाही.

"खरं सांग, कशापायी आलास?"

"आई गं! मी चोर नाही हो! मला सायली आवडते! ती म्हणाली म्हणून आलो, ती म्हणाली असती तर विहिरीतही उडी मारली असती! तुमचं सोनं मी भरून देईन, जन्मभर नोकरी करीन, पण तिला सांगू नका!"

बायकांनी माना वळवल्या. फाटकाशी सायली उभी होती. सराव कसा चाललाय ते बघायला ती आली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"आत्या, सोडा त्याला! आणि सोनं कसं काय दिलंत? महिनाभर मी काय शिकवलं?"

"सोनं कुटलं? जत्रंतलं खोटं हाय समदं, ह्याला वळखूनच आणलं सगळ्यांनी," साळूबाई म्हणाली. "ह्यो दर ऐतवारी बांधावर बसून तुज्या वाटंकडं डोळं लावतोय. टोपी घातल्यानं माणूस बदालतंय व्हय? त्वांडानं काय बोलंना, म्हणलं हातात ऐवज दिऊन बघू, पोरगं कसं हाय."

इंद्रजितने हळूच मान वर केली. त्याच्या नाकाला राख लागली होती आणि डोळे भरून आले होते. वर्षभर घशात अडकलेलं वाक्य बायकांनी पिरगळून बाहेर काढलं होतं, आणि आता ते परत घेता येत नव्हतं.

सायली पुढे आली. तिने ओढणीच्या टोकाने त्याच्या नाकावरची राख पुसली, अगदी सावकाश, आणि तिचेही कान लाल झाले.

बाळाबाईला मात्र क्लासची काळजी होती. "पोरी, झ्याक सराव झाला बघ. फुडल्या ऐतवारी ह्यालाच आणायचा न्हवं?"

"नाही," सायली त्याला हात देऊन उठवत म्हणाली. "हा आता घरचा झाला. चोर दुसरा बघावा लागेल."